काकूंचा नंबर

ती केस मला आजही आठवते, आणि आठवते ती बहुतेक वेळा जेवताना.

मी पोलिसात पुष्कळ वर्षं काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्या काळी बायका खात्यात यायला तयार नसत, म्हणून मला घेतलं. जबाब लिहिण्याचं काम माझ्याकडे कधी आलं नाही. बाईची झडती असली, बाईला दवाखान्यात न्यायचं असलं, बाईची चौकशी चालू असली की मला बोलावत. बाकी वेळ मी ठाण्याच्या मागच्या खोलीत बसलेली असे. साहेबांच्या टेबलासमोर माणूस एक बोलतो आणि मागच्या खोलीत पाणी पिताना दुसरंच बोलतो, हे मी तिथे बसून शिकले. ही केसही मला तिथूनच कळली. नाव मी कोणाचंच लिहीत नाही.

दोन हजार आठ-नऊचा सुमार होता. एका सकाळी ठाण्यात फोन आला. एका घराला बाहेरून कुलूप आहे, आत लकव्याने पडलेली म्हातारी आहे आणि हाक मारली तर आवाज देत नाही, असं समोरच्या घरातले गृहस्थ सांगत होते. म्हातारीचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्याचा फोन आईच्या घरी कोणी उचलला नाही, म्हणून त्याने समोरच्यांना बघायला सांगितलं होतं.

पंच घेऊन आम्ही गेलो. कुलूप तोडलं. म्हातारी पलंगावर उताणी होती. पायापासून छातीपर्यंत चादर नीट पांघरलेली. उशाशी स्टुलावर ताटली, तीत कालवलेला वरणभात आणि चमचा. भाताला मुंग्या लागल्या होत्या. तिच्या हनुवटीवर आणि गळ्यावर भात वाळून गेला होता. साहेबांनी मला अंग तपासायला सांगितलं. मार नव्हता, ओरखडा नव्हता. हातात काही नव्हतं.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पोस्टमॉर्टेम झालं. श्वासनलिकेत अन्न अडकून जीव गेला, असं डॉक्टरांनी कळवलं. तिच्याजवळ दिवसरात्र राहणारी एक बाई होती, हे शेजाऱ्यांकडून समजलं. काळी, सडपातळ, कोणाशी फार बोलत नसे. ती गायब होती.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याहून आला. तो रडत नव्हता. खुर्चीवर बसून तेच तेच पुन्हा सांगत होता. आई पडल्यापासून तिला बाई हवी होती. पुण्यात बसून वर्ध्यात बाई कुठून शोधणार? म्हणून त्याने कॉम्प्युटरवर गावाचं नाव आणि 'घरी रुग्णसेवा' असं टाकून पाहिलं. एकच नाव आलं. नाव, पिपरी मेघेचा पत्ता, फोन नंबर, आणि खाली 'काकू म्हणून विचारा' असं. त्याने फोन लावला. 'काकू का?' विचारलं. पलीकडून 'हो' आलं. दुसऱ्या दिवशी बाई घरी हजर झाली.

"आईच्या हातात पाटल्या होत्या," तो साहेबांना म्हणाला. "त्या कुठे आहेत?"

पाटल्यांचं नाव निघालं आणि केसचा रंग बदलला. साहेब आमच्या भागातले नव्हते, साताऱ्याकडचे. शिवीगाळ करत नसत, पण एकदा धागा हातात आला की सोडत नसत. त्यांनी मला आणि एका शिपायाला काकूला घेऊन यायला पाठवलं.

काकूला मी ऐकून ओळखत होते. सेवाग्रामला दवाखान्यात तिने वर्षानुवर्षं पेशंटजवळ बसण्याचं काम केलं होतं. नर्सेसकडून बघून बघून शिकली. नवरा गेल्यावर तिने स्वतःसारख्याच आणखी बाया गोळा केल्या, त्यांना शिकवलं आणि घरोघरी पाठवू लागली. कोणी विधवा, कोणी टाकलेली. आम्ही गेलो तेव्हा तिच्या पुढच्या खोलीत एक बाई पेशंट होऊन गादीवर निजली होती आणि दुसरी तिला कुशीवर वळवून खालची चादर काढत होती.

"अंगाखालून ओढू नको वं," काकू तिला सांगत होती. "तुह्या पाठीची साल निघन तवा समजन तुले." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "काऊन, काय झालं?"

"साहेबांनी बोलावलं," मी म्हणाले.

तिने पदर सारखा केला आणि बायांना म्हणाली, "तुम्ही थांबू नका. मी आली का कोण कशी करते ते पाह्यतो."

ठाण्यात साहेबांनी तिच्यापुढे कॉम्प्युटरवरून छापून आणलेला कागद ठेवला.

"हे तुमचंच ना?"

"हो साहेब. आमच्या पोट्टीनं टाकून देल्लं."

साहेबांनी नंबर वाचून दाखवला. "आणि हा नंबर?"

"आमचाच हाये."

"मग या आजींकडे कोणती बाई पाठवली होती?"

"कोणतीच नाई. हे घर मी पाह्यलंच नाई अजून."

"तुमच्या जाहिरातीवर, तुमच्या नंबरवर फोन येतो. समोरून काकू बोलते. दुसऱ्या दिवशी बाई हजर होते. आणि तुम्ही म्हणता, घर पाहिलं नाही."

"माह्या बाया मी बोटावर सांगतो साहेब, कोण कोठी हाये ते. जाऊन इचारा."

आमचा रायटर जबाब लिहिता लिहिता म्हणाला, "काकू, आम्हाले बोटं नको. आम्हाले पाटल्या पाह्यजे."

तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मग साहेबांना तिने विचारलं, "त्या बुढीले झालं काय?"

साहेबांनी सांगितलं. काकूने विचारलं, "निजवूनच भरवलं का?"

रायटरने मान वर केली.

"लकव्याच्या माणसाले निजवून घास देत नाई," ती म्हणाली. "पाठीले उश्या लावा लागते, मान जराशी पुढं. आधी चमचाभर पाणी देऊन पाह्यते, गिळते का नाई. माह्या बायांले हे मी पह्यल्या दिवशी शिकवतो."

"तुम्हाला इतकं सगळं माहीत आहे," साहेब म्हणाले, "तर न शिकवलेली बाई पाठवलीच कशी?"

खरं बोललं तरी ते कधी कधी माणसाच्याच अंगावर येतं. तिच्या प्रत्येक वाक्याने साहेबांचा संशय वाढत होता. बाईला सूर्य मावळल्यावर अटक करता येत नाही असा नियम तेव्हा नवीनच आला होता. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, मग मला म्हणाले, "यांना मागे बसवा. चहा द्या. मी अटकेचं बघतो."

मागच्या खोलीत तिने चहा घेतला नाही. भिंतीला टेकून बसली.

"बाई, तुम्हाले नवीन वाटन," ती म्हणाली, "पन मले जेलची भीती नाई. पोलीस ज्या काकूले घेऊन गेले तिची बाई उद्या कोण घरात ठेवन? माह्या बाया आज लोकायच्या घरात, लोकायच्या कपाटाजवळ झोपते. कोणी कुलूप लावत नाई त्यायच्यासमोर. हे नाव एकदा गेलं का मंग नाई येत."

मग तिने मला मुलीला निरोप द्यायला सांगितला. मुलगी कॉलेजात शिकत होती. काकूने नंबर सांगितला, मी तो हातावर लिहिला. लिहिताना माझ्या लक्षात आलं की हा मोबाइलचा नंबर आहे. साहेबांनी वाचला होता तो घरच्या फोनचा होता.

"काकू, पोरगी घरीच असन तं घरच्या फोनवर लावू का?" मी विचारलं.

"आमच्या घरी कुठचा फोन? हा मोबाइलच हाये. एक माह्याजवळ, एक तिच्याजवळ."

"मंग मघाशी साहेबायले नंबर आमचा म्हून काऊन सांगितला?"

"आमचाच हाये न तो. पी.पी. हाये."

आता हे पोरांना समजावून सांगावं लागेल. मोबाइल यायच्या आधी घरोघरी फोन नव्हते. गल्लीत एखाद्याकडे असे. ज्याच्याकडे नाही तो शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून देई आणि पुढे पी.पी. लिही. फोन आला की शेजारी हाक मारून बोलावून घेत. आमच्या पोलीस क्वार्टरमध्येही असंच होतं. काकूच्या शेजारी किराणा दुकान होतं आणि फोन त्या दुकानाच्या काउंटरवर होता. दुकान सांभाळणाऱ्या बाईला सगळी वस्ती भाभी म्हणे. रेशनकार्डासोबत, गॅसच्या पुस्तकावर, मुलीच्या शाळेत, दारावरच्या पाटीवर काकूने इतकी वर्षं भाभीचाच नंबर दिला होता. साहेबांनी विचारल्यावर तिच्या तोंडून आपोआप 'आमचाच' निघालं. तिच्या मते ते खरंच होतं.

"मंग भाभी आता बोलावत नाई का?" मी विचारलं.

"आता बोलणंच नाई आमचं."

ते असं झालं होतं. मुलीला कॉलेजात कोणी सांगितलं की आता लोक दुकानं, दवाखाने, बाया, सगळं कॉम्प्युटरवर शोधतात. आईचं नाव तिथे असलं तर बाहेरगावच्या मुलांना सापडेल. तिने सायबर कॅफेत बसून सगळं भरलं आणि पाटीवर होता तोच नंबर टाकला. आणि लोकांना काकू खरंच सापडू लागली. पुण्याहून, मुंबईहून, एकदा तर परदेशातून फोन आला. आधी फोन कधीमधी येत, ते आता जेवायच्या वेळी, गिऱ्हाईक उभं असताना येऊ लागले. भाभी प्रत्येक वेळी माणूस पाठवून काकूला बोलावून आणी. एक दिवस ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आम्ही का तुमचे चपराशी हाओ का?" काकूला ते लागलं. तिने दोन मोबाइल घेतले, पेंटर बोलावून पाटीवरचा नंबर बदलून घेतला आणि दुकानात पाऊल ठेवणं बंद केलं.

"आणि कॉम्प्युटरवरचा?" मी विचारलं.

"ते का तिथंच राह्यते?" ती म्हणाली. "मी तं पाटी रंगवली न बाई."

तिने ती जाहिरात कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. मुलीला वाटलं होतं की फोन येणं बंद झालं म्हणजे आता कोणी शोधत नसेल.

मी उठून साहेबांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मला लोकांत बोलायची सवय नाही, साहेबांसमोर तर नाहीच. तिथे मुलगा बसला होता, रायटर होता. साहेबांनी विचारलं, "काय आहे?" मी खाली बघून एका दमात सगळं सांगितलं. ते नीट कळलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. पी.पी. म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. साताऱ्याकडेही असं असणारच.

साहेबांनी काकूला परत समोर बसवलं. तिचा मोबाइल टेबलावर ठेवला. मग मुलाला म्हणाले, "तुम्ही ज्या नंबरवर बोललात तोच लावा. आवाज मोठा ठेवा. नवीन गिऱ्हाईक म्हणून बोला."

मुलाने नंबर लावला. टेबलावरचा मोबाइल गप्प पडून होता. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग कोणीतरी उचललं. मागे तराजूत काही ओतल्याचा आवाज आला.

"हां, बोला. कोण बोलून राह्यलं?"

"काकूंची रुग्णसेवा का?" मुलाने विचारलं.

"हो, बोला न."

"घरी आजारी माणसाजवळ बाई पाहिजे होती."

"पेशंट बाई हाये का माणूस? माणसाजवळ आमच्या बाया राह्यत नाई."

"बाई आहे."

"मंग भेटन. पन थोडं थांबा लागन. एक चांगली बाई हाये आमची, सध्या एका लकव्यावाल्या बुढीजवळ हाये. तिथून मोकळी झाली का तिलेच धाडतो तुमच्याकडं."

मुलाने फोन बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला. त्याचा हात फोनवरच होता. "हाच आवाज," तो म्हणाला.

काकूने पदर तोंडाला लावला होता. "हे तं भाभी हाये," ती म्हणाली.

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत काकू घरी गेली. साहेबांनी तिला जीपमधून पाठवू का विचारलं. ती म्हणाली, "जीप नका पाठवू साहेब. सकाळी एकदा पाह्यली लोकायनं, तेवढं पुरे झालं." ती चालत गेली.

भाभी दुसऱ्या दिवशी नवऱ्यासोबत आली. म्हातारी गेली हे तिला ठाण्यातच कळलं. ती आधी घाबरली, मग चिडली. बरीच माणसं या क्रमाने जातात.

"मी काय वाईट केलं साहेब? आमचा फोन आमच्या दुकानात. तो कोणी कुठं लेहून ठेवला, मले इचारलं होतं का? दिवसभर घंटी वाजे. लोकायले बाई पाह्यजे होती, माह्याकडं येणाऱ्या बायांले काम पाह्यजे होतं."

"काकू म्हणून नाव का सांगितलं?"

"मी नाव सांगितलंच नाई कधी. तेच इचारत, काकू का म्हून. मी हो म्हणो."

"नाही म्हणता आलं असतं."

"आलं असतं," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "पह्यल्यांदा चुकून म्हटलं. मंग एक बाई गेली, तिथं चांगलं झालं. मले तिच्यातून थोडं भेटलं. मंग दुसरी गेली."

तिसरी गेली ती दुकानात धान्य निवडायला येणारी बाई. गहू निवडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं भाभीने सांगितलं. आजारी माणसाजवळ ती कधी बसली नव्हती. भाभीने तिला काय सांगून पाठवलं? "म्हटलं, बुढी हाये, वेळेवर खाऊ घालजो, साफ ठेवजो. आणखी काय सांगतात?" तिने हे साहेबांना खरोखरच विचारलं.

निवडणारी बाई आता कुठे आहे, हे भाभीला ठाऊक नव्हतं. आमचे लोक तिच्या घरी जाऊन आले, घर बंद होतं. शोध चालू असताना हायवेवरच्या जाम गावच्या चौफुलीवरून खबर आली. तिथे ट्रक, बस सगळं थांबतं, रस्त्याकडेला हॉटेलं आहेत. एका चहावाल्याने तिथल्या शिपायाला सांगितलं की शेजारच्या ढाब्यावर एक बाई नवीन लागली आहे, दिवसभर भांडी घासते, पण खाकी कपडा दिसला की मागच्या शेतात जाऊन बसते.

मी साध्या साडीत गेले. ती नळाजवळ बसून कढई घासत होती. मी तिच्याजवळ बसले. कोण ते मी सांगितलं नाही. तिनेच विचारलं, "पोलीस हाये का तुम्ही?"

"हो," मी म्हणाले.

तिने कढई खाली ठेवली, हात धुतले आणि पदराला पुसले. जणू मी जेवायला बोलवायला आले होते.

"मी मारलं नाई तिले," ती म्हणाली.

"काय झालं ते सांग."

"भरवून राह्यली होती मी. दोन घास खाल्ले तिनं. मंग भात तोंडातच ठेवे. मी म्हटलं, गिळ न आजी. तिचं तोंड वाकडं, समजे नाई मले का म्हणते ते. मी आणखी एक घास देल्ला. मंग तिनं डोळे मोठे केले. मले वाटलं ठसका हाये, पाणी पाजलं. निजल्या निजल्याच पाजलं. ते सारं नाकातून आलं."

"कोणाले हाक काऊन नाई मारली?"

"मारणार होती. तेवढ्यात ते गपच झाली." मग म्हणाली, "म्हणतीन, हिनंच काही खाऊ घातलं. आमच्यासारखीचं कोण आयकते बाई?"

"चादर तू पांघरली का?"

"हो."

"आणि कुलूप?"

"दाराची कडी लागत नव्हती बरोबर," ती म्हणाली. "कुत्रं येत राहे तिथं. म्हटलं, ते आत घुसन."

मी खात्यात पुष्कळ आरोपी आणले. कोणी जीपमध्ये शिव्या देतं, कोणी देवाचं नाव घेतं. ही बाई वाटेत फक्त एवढंच म्हणाली, "मले कोणी शिकवलंच नाई वं बाई. कोणी सांगितलं असतं तं मी बसवलं असतं तिले."

पाटल्या दुसऱ्यांदा घर तपासताना कपाटात कपड्यांखाली सापडल्या. दवाखान्यात हाताला सूज आली म्हणून त्या काढून ठेवल्या होत्या. पंचनाम्यावर सही करताना मुलगा बराच वेळ पेन धरून उभा राहिला. आईच्या हातात आता काय असतं, हे त्याला माहीत नव्हतं.

निवडणाऱ्या बाईवर हयगयीने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा लागला आणि भाभीवर दुसऱ्याच्या नावाने फसवल्याचा. दोघी जामिनावर सुटल्या. खटला लांबत गेला. पुढे निवडणाऱ्या बाईला शिक्षा झाली. भाभी पुराव्याअभावी सुटली, पोलिसांपुढे कबूल केलेलं कोर्टात चालत नाही. 'हो' म्हटल्याचा पुरावा कुठे सापडतो?

काकूवर काहीच गुन्हा नव्हता. कागदावर ती साक्षीदार होती. पण दुसऱ्याच दिवशी पेपरात छापून आलं होतं की पिपरी मेघेच्या एका रुग्णसेवा चालवणाऱ्या महिलेला पोलिसांनी ताब्यात घेतलं. नाव नव्हतं, पण तशी बाई तिथे एकच होती. सोडल्याची बातमी आली नाही. तिच्या बाया एकेक करून परत आल्या. कोणी म्हणे, आमच्या सूनबाईच आता सुट्टी घेते. कोणी म्हणे, दिवाळीनंतर सांगतो. एका घरात बाईची पिशवी उघडून बघितली आणि मग जायला सांगितलं. त्या बाईने आठ वर्षं त्या घरातल्या आजोबांचं सगळं केलं होतं.

मी कधी रस्त्यात काकूला भेटले की ती हसून बोले. स्वतः पुन्हा दवाखान्यात पेशंटजवळ बसायला जात होती. एक दिवस माझ्या क्वार्टरवर आली. म्हणाली, "बाई, एक काम होतं. ड्युटीचं नाई. सोबत येता का?"

कॉम्प्युटरवरचा भाभीचा नंबर काढून तिला स्वतःचा टाकायचा होता. मुलगी सायबर कॅफेत गेली होती. तिथे समजलं की नंबर असा कोणालाही बदलता येत नाही. ज्या नंबरवर जाहिरात आहे त्याच नंबरवर कंपनीचा फोन येतो आणि काही आकडे सांगतो. ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले तरच बदल होतो. फोन येणार होता भाभीच्या काउंटरवर.

"सोडून द्या न मंग," मी म्हणाले. "नवीन नाव टाका."

"नवीन नावानं मले कोण ओळखन?" काकू म्हणाली. "आणि त्या जुन्या नावावर लोक फोन करतच राह्यतीन. ते उचलत राह्यली तं?"

आम्ही दुपारी गेलो. भाभी एकटीच बसली होती. आम्हाला बघून ती उभी राहिली. तिला वाटलं, मी पुन्हा न्यायला आले. काकूने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की एक फोन येईल, तेवढा घेऊ द्या. भाभीने काही न बोलता काउंटरवरच्या बरण्या सरकवल्या आणि फोन पुढे केला. स्टूल एकच होतं. ते तिने काकूकडे ढकललं. काकू बसली नाही.

मुलगी तिकडे कॅफेत बसली होती. काकूचा मोबाइल कानाशी होता. फोन वाजला. काकूने उचलला, ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. "मशीन बोलून राह्यली," ती म्हणाली. "इंग्लिश." तिने रिसीव्हर माझ्याकडे केला. मी मागे झाले. मला तर तेवढंही येत नाही.

भाभीने हात पुढे केला. काकूने थोडा वेळ घेतला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. भाभी एकेक आकडा ऐकून मोठ्याने बोलू लागली, आणि तो काकू मोबाइलमध्ये मुलीला सांगू लागली. "चार." "चार." "नऊ." "नऊ म्हणते." दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मग फोन आपोआप बंद झाला. तिकडून मुलगी म्हणाली, झालं.

काकू निघाली. आम्ही पायरी उतरलो तेव्हा भाभीने मागून विचारलं, "अजून जुने लोक लावतीन या नंबरवर. कोणी तुमचं नाव इचारलं तं का सांगू?"

काकू वळली. "राँग नंबर म्हणजा," ती म्हणाली. "तेवढंच म्हणजा."

भाभीने मान हलवली.

नोकरीत असताना मला वाटे की गुन्हा करणाऱ्याच्या मनात आधी काहीतरी ठरलेलं असतं, आणि ते शोधून काढणं हे आमचं काम. या केसमध्ये कोणी काहीच ठरवलं नव्हतं. मुलाने चांगलं म्हणून शोधलं, मुलीने आईचं भलं व्हावं म्हणून टाकलं, निवडणाऱ्या बाईने सांगितलं तसं वेळेवर जेवू घातलं. मध्ये एका फोनवर एक बाई 'हो' म्हणाली, आणि एक म्हातारी गेली, आणि दहा बायांचं काम गेलं. काकूचं नाव हळूहळू परत आलं, पण पूर्वीसारखं नाही. अजून कोणी कोणी आधी विचारतो, ते प्रकरण तुमच्याचकडचं होतं का. ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते.

माझ्या मोबाइलवर आता चुकीचे फोन पुष्कळ येतात. मी लगेच ठेवून देत नाही. कोण पाहिजे ते विचारते, आणि मी ती नाही हे दोनदा सांगते.